सरकीसकट

आमच्या घरात त्या वर्षी तीन गोष्टी जागा अडवून बसल्या होत्या. मधल्या खोलीत काकांचा कापूस, अंगणात बाईसाहेबांची गाडी आणि तिसरी मी, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माझं बी.कॉम. झालेलं होतं, स्थळं यायची, पोहे खायची, पत्रिका घेऊन जायची आणि जुळत नाही असं कळवायची. पोहे चांगले असायचे, ते आईनं केलेले असायचे. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, नेरजवळच्या एका खेड्यात शेती करायचे. माघात ते ट्रॉलीभर कापूस यवतमाळला विकायला घेऊन आले, इथला भाव ऐकून त्यांचं तोंड उतरलं, आणि परत न्यायचं जिवावर आलं म्हणून त्यांनी तो सगळा आमच्या मधल्या खोलीत ओतला. "आठ दिवस राहू द्या दादा, भाव चढला का नेतोच मी," असं म्हणून गेले. आठ दिवसांचा आषाढ आला. आम्ही त्या कापसावर सतरंजी टाकून झोपायचो आणि सकाळी अंग खाजवत उठायचो. मांजरीनं त्यातच पिल्लं घातली. भाकरी मोडली तरी तिच्यातून एखादा धागा निघायचा, आणि तो बाबा चिमटीत धरून उजेडाकडे नेऊन ताणून बघायचे.

ती त्यांची सवयच होती. बाबा जिनिंगमध्ये ग्रेडर होते. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर ती जिनिंग, म्हणजे कापसातून सरकीचं बी वेगळं काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. हंगामात दारात बैलगाड्यांची रांग लागायची आणि बाबा एकेका गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढायचे. बोटांनी ओल बघायचे, धागा ताणायचे, सरकी दाताखाली फोडायचे, आणि दोनच शब्द बोलायचे, "पास" नाहीतर "परत". एकदा सख्ख्या भावाची गाडी ओल लागली म्हणून त्यांनी परत पाठवली होती आणि काका सहा महिने आमच्याकडे फिरकले नव्हते. अठ्ठावीस वर्षांत एकही गाडी त्यांनी दुसऱ्याच्या सांगण्यावरून पास केली नाही. घरीही तोच खाक्या. आईच्या पिठल्याला पास मिळायचा, ठेच्याला मिळायचा, मांजरीलाही एकदा मिळाला. मला मिळाल्याचं मला आठवत नाही, आणि माझी गुणपत्रिका आज समोर ठेवली तर मीही "परत"च म्हणेन.

मग जिनिंग बंद पडली. कापसाचे ते दिवस कसे होते हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना माझ्यासारखीनं सांगून कळणार नाही. जिनिंगचे मालक शेठजी आधीच वारले होते, मुलं परदेशात, शेठजींच्या पत्नी बाईसाहेब नागपूरला बहिणीकडे राहायला गेल्या. भोंगा थांबला. दुपारी बाराचा भोंगा झाला की आई तवा चढवायची, त्या हिशेबानं तिची सगळी गृहस्थी चालायची. भोंगा गेल्यावर आमच्याकडे कधी अकरालाच जेवण व्हायचं तर कधी दोनला. बाबा मात्र रोज इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे, समोरून कापसाची एखादी गाडी गेली की मान वळवून दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघायचे. बोलणं तर जवळजवळ संपलंच होतं. मला तेव्हा वाटायचं, बाबांना कंटाळा आलाय. मी एकवीस वर्षांची होते आणि कंटाळ्यापलीकडचं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं.

अशात बाबांना बाईसाहेबांचं पत्र आलं. जिनिंगची जागा विकली गेली होती, कागदावर सह्या करायला त्या पोळ्याच्या आधी यवतमाळला येणार होत्या. पुढे एवढंच लिहिलं होतं, "गावंडेबाबू, शेडमधल्या माझ्या गाडीत बसून एकदा जिनिंगपर्यंत जायचं आहे. बसण्याजोगी करून ठेवाल का?" बाबांनी त्याच दिवशी कार्ड टाकलं. मी ते वाचलं होतं. "करून ठेवतो," एवढाच मजकूर, खाली सही.

ती गाडी म्हणजे दोन सीटांची, उघड्या टपाची, लाल रंगाची विलायती स्पोर्ट्स कार. बाईसाहेब नवी नवरी होऊन आल्या तेव्हा शेठजींनी ती आणवली होती, आणि डोक्यावरचा पदर कमरेला खोचून त्या स्वतः चालवायच्या, अशी गावात आख्यायिका होती. किल्ली अठ्ठावीस वर्षं बाबांच्या टेबलाच्या खणात. दर दसऱ्याला ते गाडी पुसायचे, झेंडूचा हार घालायचे आणि दार न उघडता परत यायचे. आत कधी बसले नाहीत. आता हमीदभाई मेकॅनिकनं पंधरा दिवस खपून इंजिन सुरू केलं आणि चार माणसांनी ढकलत, पाचव्यानं शिव्या देत, ती आमच्या अंगणात आणली. "बाबूजी, गाडी तो चल पडी," हमीदभाई म्हणाले, "मगर बैठोगे कायपर?"

प्रश्न रास्त होता. उंदरांनी सीटा पोखरल्या होत्या, चामडं वाळून पापडासारखं मोडत होतं, खालचा गालिचा हाताला लागताच भुगा व्हायचा आणि डॅशबोर्डच्या लाकडाला बुरशी चढली होती. दुसरं कोणी असतं तर कारागिराकडे गेलं असतं. पण मी नुकतीच शिवणक्लासमध्ये पहिली आले होते. क्लासमध्ये आम्ही तिघी होतो, त्यातली एक मध्येच लग्न होऊन गेली, हे मी कोणाला सांगत नसे. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता आणि तो मी शोकेसमध्ये ठेवला होता. "मी करतो बाबा," मी म्हटलं. "सीट म्हनजे काय, मोठी उशी." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "होईन तुह्याच्यानं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आरामात."

सीटा उसवायला घेतल्या तेव्हा आतून राठ काळे केस निघाले. घोड्याचे होते, जुन्या विलायती गाड्यांत तेच भरायचे, हे मला आता माहीत आहे. आईनं ते पाहिलं आणि ओरडलीच. "माय वं! मानसाचे केस हायेत हे! कोनतरी करनी केली गाडीवर!" आणि मी वाचवायच्या आत तिनं सगळं भरण सुपात घालून उकिरड्यावर नेऊन पेटवलं. त्या जळक्या वासानं गल्लीतल्या लोकांनी दोन दिवस आमच्याकडे येणं टाळलं. खरं तर तो माल धुऊन परत भरता आला असता. पण गेला तो गेला, आणि मी पहिल्यापेक्षा खूश झाले, कारण मला मोठी कल्पना सुचली होती. मधल्या खोलीत कमरेला लागेल एवढा कापूस पडलेला असताना बाहेरून काही कशाला आणायचं? बाबांनाही ते पटलं. फक्त एवढं म्हणाले, "पिंजाऱ्याकडून सरकी काढून, पिंजून आन. सरकीसकट भरू नोको."

दरम्यान माझं बाकीचं काम खरंच बरं चाललं होतं, एवढं कौतुक मी माझं मला करून घेते. डॅशबोर्ड काचकागदानं घासून त्याला जवसाचं तेल पाजलं, तर लाकडाला असा सुंदर तांबूस रंग आला की हमीदभाईंनी त्यात आपलं तोंड बघून केस नीट केले. आईच्या हुंड्यातल्या जुन्या सतरंजीचा गालिचा झाला. दारांच्या आतल्या बाजूला आणि सीटांना मरून रंगाचं रेक्झिन आणलं. आईच्या पायमशीनवर रेक्झिन चालवायचं म्हणजे म्हशीला सुईच्या नाकातून काढण्यासारखं होतं. सुया मोडायच्या, मशीन किंचाळायचं, म्हणून मी टाका मोठा केला. मग आणखी मोठा केला. शेवटी दाभण आणि सुतळी घेऊन हातानंच शिवायला लागले, आणि दोन टाक्यांमधून करंगळी जाईल एवढी फट राहिली, तिला मी फॅशन म्हणू लागले. बाबा रोज ओट्यावरून उठून गाडीजवळ यायचे, काही न बोलता सुतळी धरून उभे राहायचे. जेवताना एखादं वाक्य बोलायचे. आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "थांबू नोको वं. मानूस बोलून राह्यला." म्हणजे नेमकं काय पणाला लागलं होतं ते मला सांगितलं गेलं होतं. मला कळलं नव्हतं, असं आता म्हणता येणार नाही.

त्याच सुमारास काकांची पेरणी फसली. विकतचं बियाणं उगवलंच नाही, दुबार पेरणी करायची म्हणून बाबा दोन दिवस त्यांच्या मदतीला गेले. जाताना मला परत आठवण केली, "पिंजाऱ्याकडे नेशीन." मी गेलेही होते चौकशीला. पिंजारीचाचा गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांनी सांगितलं पोती घेऊन ये, आठ दिवसांनी देतो. आठ दिवस थांबायला मी काय साधी बाई होते? शिवाय लग्नाच्या मुलीनं सायकलरिक्षात कापसाच्या पोत्यावर बसून भर बाजारातून जायचं, आणि समोरून एखादं स्थळ आलं तर? म्हणून मी ठरवलं, सरकी हातानंच काढू. एक संपूर्ण दुपार बसले. चार बोटांची सालटी निघाली आणि एका सीटच्या पाठीचा अर्धा कोपरा भरेल एवढी रुई जमली. मग मी उठले, तोंड धुतलं, चहा घेतला, आणि उरलेला सगळा कापूस सरकीसकट दोन्ही सीटांत दाबून दाबून भरला, वरून रेक्झिन ओढलं आणि शिवून टाकलं. ग्रेडरची मुलगी, जिनिंगच्या भोंग्यावर वाढलेली. सबंध कारखाना ज्या एका कामासाठी उभा होता, तेवढंच मी वगळलं.

बाबा परत आले. पायाचा चिखल न धुताच गाडीजवळ गेले, सीटवर तळवा ठेवला, दाबला, थोडा पुढे सरकवला, परत दाबला. "सरकी लागून राह्यली हाताले," ते म्हणाले. मी म्हटलं, "खाली काथ्या घातला नं बाबा, त्याच्या गाठी हायेत. पिंजूनच आनला मी." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात काढून घेतला. "ठीक हाये," म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर माल सोडला, आणि तो शब्द माझा होता. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आज हे लिहिताना कान तापतात.

श्रावणात झड लागली. आठ दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, चुलीला धूर. गाडीवर ताडपत्री होती, पण तीही आमच्याच घरातली, चार ठिकाणी फाटलेली. पाणी ठिबकत होतं आणि माझ्या फॅशनच्या फटींमधून आरामात आत जात होतं. झड थांबली तेव्हा बाबा ताडपत्री काढायला निघाले तर मीच अडवलं. "राहू द्या बाबा, चिखल उडन रेक्झिनवर. बाईसाहेब आल्यावरच काढू." माझ्या डोळ्यांसमोर सोहळा होता. ताडपत्री उचलली जाईल, लाल गाडी चमकेल, बाईसाहेब विचारतील, हे कोणी केलं हो?

पोळ्याच्या दोन दिवस आधी बाईसाहेब आल्या. पांढऱ्याशुभ्र केसांच्या, ताठ, सुती पातळातल्या, हातात काठी पण तिच्यावर भार नाही. आईनं गोळाभात आणि कढी करून ठेवली होती, कोथिंबीर भरलेल्या सांभारवडीचा घमघमाट सुटला होता. काका बैलांचा साज घ्यायला म्हणून आलेले. हमीदभाई किल्ली घेऊन उभे. आईच्या ताटात कुंकू आणि नारळ. बाबांनी ठेवणीतली पांढरी पँट घातली होती. त्यांनी एका हातानं ताडपत्री धरली आणि ओढली.

दोन्ही सीटांवर पऱ्हाटी उगवली होती. दोन-दोन पानांची, पिवळट हिरवी, बोटभर उंचीची कपाशीची रोपं, माझ्या शिवणीच्या रेघेवर, प्रत्येक टाक्याच्या फटीतून एक. पेरल्यासारखी ओळीत. काहींच्या डोक्यावर अजून सरकीची टरफलं टोपीसारखी होती. हमीदभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. मग काकांच्या तोंडून निघालंच, "दादा, उगवन पाय! वावरात दोनदा पेरलं तं चार आने आलं, अन् इथी शीटमदी सोळा आने!"

बाबांनी वाकून एक रोप उपटलं. मूळ पाहिलं, टरफल पाहिलं, बोटांत चोळलं. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ उभे राहून बाईसाहेबांना म्हणाले, "बाईसाहेब, माल पास करतानी माही चूक झाली." आणि मी गप्प बसले. फार वेळ नाही, दोन श्वास असतील. चूक त्यांच्या अंगावर जात होती आणि मला ती जाऊ द्यावीशी वाटली, हे मी कोणापाशी आजवर बोलले नव्हते. मग मी पुढे झाले. "त्यायची नाई जी," मी म्हटलं, "मी खोटं बोलली. पिंजाऱ्याकडे गेलीच नाई मी." आणि भोकाड पसरून रडले, सांभारवडीच्या वासात, सगळ्यांसमोर.

बाईसाहेबांनी माझं रडणं पुरतं होऊ दिलं. मग गाडीभोवती एक फेरी मारली, डॅशबोर्डवरून हात फिरवला. "गावंडेबाबू," त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं तुम्ही मला सरकी काढूनच दाखवली. एकदा सरकीसकट बसून बघू." हमीदभाईंकडून किल्ली घेतली, पदर कमरेला खोचला, दार उघडलं आणि उजव्या सीटवर बसल्या. पच्च असा आवाज झाला आणि पाणी बाहेर आलं. त्यांनी डावीकडे बोट केलं. "बसा."

"मी?" बाबा म्हणाले. "नाई जी. मी मांगून सायकलवर येतो."

"इतकी वर्षं किल्ली तुमच्याजवळ होती ना? मग बसा."

बाबा दोनदा चप्पल काढून दोनदा पायात घालून उभे राहिले. शेवटी ती काढून ठेवली, वाकले, आणि डाव्या सीटवरची रोपं एकेक करून मुळासकट काढली, तुटू न देता, आणि आईच्या ताटात कुंकवाशेजारी ठेवली. मग देवळात बसावं तसे बसले. गाडी फाटकन आवाज करत, काळा धूर सोडत आर्णी रोडला लागली. हमीदभाई स्कूटरवर मागे धावले.

आई आणि मी ताटातल्या रोपांकडे बघत अंगणातच उभ्या होतो. थोड्या वेळानं जिनिंगच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला. एकच, लांबलचक, थांबेचना. आई ताडकन आत गेली आणि तिनं तवा चढवला. तवा तापल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते, आणि ती पदरानं डोळे पुसत तिथंच बसली. हमीदभाईंनी नंतर सांगितलं, कुलूप लावलेल्या फाटकासमोर दोघंही गाडीतच बसले होते, मग बाईसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बारा वाजता हॉर्न दाबून धरला.

परत आल्यावर बाबा उतरले तेव्हा पांढऱ्या पँटच्या मागे मरून रंगाच्या डागांचा नकाशा होता. कोणीही हसलं नाही, काकासुद्धा. जेवून निघताना बाईसाहेब म्हणाल्या, "दिवाळीनंतर गाडी न्यायला ट्रक पाठवते. तोवर सीटा नीट होऊ द्या. पोरीच्याच हातानं." बाबांकडे पाहून म्हणाल्या, "पण माल तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सीटा उसवल्या, कुजलेला कापूस फेकला, मधल्या खोलीतून कोरडा आणून माझ्यासमोर ओतला आणि स्वतः समोर बसले. पिंजाऱ्याचं नाव मीही काढलं नाही. पहिले आठ दिवस ते माझ्याशी एकच शब्द बोलले. मी रुईचा पुंजका पुढे करायचे, ते चिमटीत घ्यायचे, आणि म्हणायचे, "परत." नवव्या दिवशी वैतागून मी विचारलं, "कायले परत? काय हाये त्याच्यात?" तर त्यांनी माझं बोट धरून त्या पुंजक्यात फिरवलं. "हे पाय. तुटकी सरकी. डोये नोको वापरू, बोट काय म्हनते थे आयक." मग हळूहळू त्यांचं बोलणं सुरू झालं. ओल कशी ओळखायची, धागा कसा ताणायचा, कोणत्या गावचा कापूस कसा, कोणत्या शेतकऱ्यानं कधी कशी गंमत करायचा प्रयत्न केला. भाद्रपद, आश्विन, दोन्ही असेच गेले. त्या काळात आलेल्या दोन स्थळांनी मला ओट्यावर केसात कापूस घेऊन बसलेली पाहिलं आणि पोहेसुद्धा न खाता गेली. बाबा म्हणाले, "परत." मी इतकी हसले की आई बाहेर आली.

दिवाळीनंतर ट्रक आला. माझी शिवण या वेळी बारीक होती, इतकी की मुंगीलाही वाट विचारावी लागली असती. बाबांनी सीटवर तळवा ठेवला आणि कडेपासून सुरुवात केली. मी शेजारी उभी होते. डाव्या सीटच्या मागच्या कोपऱ्याशी आले आणि त्यांचं बोट थांबलं. मलाही ठाऊक होतं, तिथं एक सरकी राहिली होती. आदल्या दिवशी शिवल्यावर हाताला लागली होती, आणि उसवायचं धाडस झालं नव्हतं. या वेळी खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"बाबा, तिथी एक..."

"मालूम हाये," ते म्हणाले. बोट अजून तिथंच होतं. ट्रकवाला फळकूट लावून वाट पाहत होता. बाबांनी त्या जागेवरून एकदा हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्यानं, जिनिंगच्या फाटकात उभे राहून म्हणायचे तसं म्हणाले, "पास."